डिझेल इंजिनाच्या रिंगा : मोठ्या इंजिनांतील सुधारणा आणि शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध

पावसाळा सरून भाताची झोडणी आटोपली कीं चेणे येथील शिवारांत दुसऱ्या हंगामाची चाहूल लागते, आणि हा हंगाम सर्वस्वी उचलून घेतलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. हें गांव घोडबंदर रस्त्यावर, एका अंगास राष्ट्रीय उद्यानाचें रान आणि दुसऱ्या अंगास वसईची खाडी यांच्यामध्यें वसलेलें असून आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. खाडीचें पाणी खारें, तेव्हां भाजीपाल्यास तें निरुपयोगी. नदीचें अथवा विहिरीचें गोडें पाणी उचलल्यावांचून गत्यंतर नाहीं. जेथें विजेची तार मळ्यापर्यंत पोंचली आहे तेथें विजेचा पंप चालतो. जेथें ती पोंचलेली नाहीं, किंवा पोंचूनहि वेळेवर प्रवाह मिळत नाहीं, तेथें डिझेल इंजिन हाच आधार. ही स्थिति एकट्या चेण्याची नसून कोंकणांत व देशावर अनेक गांवांची आहे.

असें इंजिन ऐन वांगीं-मिरची फुलावर असतां रुसून बसलें, तर आठ-दहा दिवसांत सगळ्या हंगामाचा निकाल लागतो. फिटर येतो, इंजिन खोलतो व ‘रिंगा गेल्या’ असें सांगतो. नव्या रिंगा पडतात, इंजिन चालूं लागतें, आणि पुढच्या वर्षीं, कधीं तर दोन-तीन महिन्यांतच, तोच धूर व तीच रड पुन्हां सुरू होते. मग मालक म्हणतो, ‘हल्लींचा मालच खोटा!’ दुकानदार म्हणतो, ‘क्रोमच्या रिंगा घाला, मोठ्या इंजिनांत त्याच असतात.’ या दोन्ही बोलण्यांत थोडें सत्य आहे व पुष्कळ अर्धसत्य आहे. मोठ्या इंजिनांच्या रिंगांत खरोखरच मोठ्या सुधारणा झाल्या आहेत. परंतु त्यांचा लाभ आपल्या इंजिनास केव्हां मिळतो व केव्हां मिळत नाहीं, हें समजून घेतल्याशिवाय पैसा खर्च करणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडण्यासारखें आहे.

रिंग करते तरी काय?

दट्ट्या म्हणजेच पिस्टन हा सिलिंडरांत वर-खालीं सरकतो. तो अगदीं घट्ट बसेल असा केला तर तापतांच फुगून अडकेल. म्हणून त्याच्याभोंवतीं थोडी मोकळीक ठेवावी लागते. ही मोकळीक बुजविण्याकरितां पिस्टनच्या अंगास खांचा पाडून त्यांत एके जागीं तुटलेलीं अशीं बिडाचीं कडीं बसवितात. ह्याच रिंगा. तुटलेली असल्यामुळें रिंग स्प्रिंगप्रमाणें बाहेर फांकूं पाहते व सिलिंडरच्या भिंतीस टेकून राहते. वरच्या रिंगा दाब राखतात व खालची तेल आवरते.

रिंगेचीं कामें तीन. पहिलें, वरचा दाब खालीं निसटूं न देणें. दुसरें, पिस्टनच्या माथ्यास लागलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे व तेथून पाण्याकडे पोंचविणें. तिसरें, भिंतीवरील तेल खरवडून खालीं लोटणें व आवश्यक तेवढाच पातळ थर मागें ठेवणें. पहिलें काम बिघडलें तर इंजिन सुरू होण्यास त्रास देतें, दुसरें बिघडलें तर पिस्टन तापून अडकतो, आणि तिसरें बिघडलें तर धुराड्यांतून निळा धूर निघूं लागून तेलाची पातळी रोज उतरते.

डिझेल इंजिनांत पहिल्या कामाचें महत्त्व विशेष आहे. पेट्रोलच्या इंजिनास ठिणगी असते; डिझेलच्या इंजिनास ती नसते. त्यांत हवा सतरा-अठरा हिश्श्यांतून एका हिश्श्यावर दाबली जाते, त्या दाबानेंच ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि त्या तप्त हवेंत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. दाब निसटला तर हवा पुरेशी तापत नाहीं, व हवा तापली नाहीं तर डिझेल पेटत नाहीं. हँडल मारतांना इंजिनाची गति मंद असते, निसटण्यास वेळ अधिक मिळतो. म्हणूनच रिंगांच्या झिजेचें पहिलें लक्षण सकाळीं थंड इंजिन सुरू करतांना दिसतें, दुपारीं चालत्या इंजिनांत नव्हे.

या चिमुकल्या वस्तूवर केवढा भार पडतो तें हिशेबानें पाहूं. आपल्याकडे फार प्रचलित असलेलें किर्लोस्करांचें सात अश्वशक्तीचें एका सिलिंडरचें इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८७·५ मिलिमीटर, पिस्टनची धांव ११० मिलिमीटर, आणि गति मिनिटास १५०० फेरे. एका फेऱ्यांत पिस्टन एकदां वर व एकदां खालीं, म्हणजे २२० मिलिमीटर चालतो. मिनिटास ३३० मीटर. तासास सुमारें २० किलोमीटर. रोज आठ तास इंजिन चालविलें तर रिंग दिवसास जवळजवळ १६० किलोमीटर घांसत जाते, आणि हजार तासांत तिची चाल पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याइतकी होते. त्यांतच मिनिटास ७५० वेळां डिझेलचा भडका उडतो. तेव्हां दर चौरस सेंटीमीटरवर सुमारें ७० किलोग्रॅम दाब असतो, म्हणजे सबंध पिस्टनवर चार टनांहून अधिक भार येतो. हें सर्व जी सोसते तिची किंमत इंजिनाच्या किंमतीच्या मानानें अगदीं अल्प असते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतें.

रिंगेची पूर्वपीठिका

वाफेच्या इंजिनांत आरंभीं पिस्टनभोंवतीं तागाचा काथ्या व चरबी ठांसून भरीत. इंग्लंडांतील आगगाडीच्या कारखान्यांतील अधिकारी जॉन रॅम्सबॉटम यांनीं १८५४ सालीं आपल्या सुधारलेल्या पिस्टनची माहिती तेथील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढें मांडली. त्यांत स्वतःच्या ताणानें फांकणारी तुटक धातूची रिंग होती. तींत तेव्हांपासून अनेक फेरफार झाले, तरी मूळ कल्पना तीच राहिली आहे. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९२ सालीं आपल्या इंजिनाच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १८९७ सालीं जर्मनींतील औग्सबुर्ग येथें त्यांचें इंजिन कसोटीस उतरलें. त्याचा सिलिंडर २५० मिलिमीटर व्यासाचा असून इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग तें कामास लावी. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षां हें प्रमाण पुष्कळच मोठें होतें. मधल्या चार-पांच वर्षांत दाब कोंडून धरणें ही त्यांच्यापुढील एक प्रमुख अडचण होती.

आपल्या प्रांतांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातीं दिला. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें तयार होऊं लागलीं. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढील तीस वर्षांत विहिरीवरचें इंजिन ही वस्तु मोटेइतकीच परिचयाची झाली. विशेष हें कीं, ज्या घराण्यानें आपल्या विहिरीवरचें इंजिन केलें, त्याच घराण्याच्या कंपनीनें पुढें फ्रान्समधील पील्स्टिक जातीचीं २८० मिलिमीटर व्यासाचीं इंजिनें परवान्यानें बनविलीं, व तीं भारतीय आरमाराच्या जहाजांत बसलीं. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या व २०१० सालीं आरमारांत दाखल झालेल्या ‘शिवालिक’ या युद्धनौकेवर याच जातीचीं इंजिनें आहेत. लहान व मोठ्या इंजिनांचें कुळ एकच आहे, तें असें.

मोठ्या इंजिनांत काय सुधारलें?

मोठें इंजिन म्हणजे किती मोठें, याची कल्पना प्रथम यावी. रेल्वेचें १९६२ पासून भारतांत आलेलें डब्ल्यूडीएम-२ जातीचें डिझेल इंजिन सोळा सिलिंडरांचें व २६०० अश्वशक्तीचें. त्याच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास सुमारें २२९ मिलिमीटर. कल्याण व पुणें येथील शेडांत अशीं इंजिनें अनेक वर्षें राखलीं गेलीं. समुद्रावर याहूनहि प्रचंड इंजिनें आहेत. २००६ सालीं समुद्रांत उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या मालवाहू जहाजावरील इंजिनाचे सिलिंडर चौदा, प्रत्येकाचा व्यास ९६० मिलिमीटर, पिस्टनची धांव २५०० मिलिमीटर, आणि एकूण शक्ति एक लक्ष अश्वशक्तीहून अधिक. त्याच्या एका रिंगेंतून मोठा माणूस सहज आरपार जाईल.

अशा इंजिनांत रिंग मोडली तर जहाज भर समुद्रांत मंदावतें. म्हणून तेथें रिंगेच्या सुधारणेवर अपार परिश्रम झाले आहेत. त्यांतील मुख्य पुढीलप्रमाणें आहेत.

पहिली सुधारणा धातूची. साधें करडें बीड चांगलें घांसतें, कारण त्यांतील ग्रॅफाइट स्वतःच वंगणासारखें काम देतें व तेल धरून ठेवतें. परंतु तें ठिसूळ असतें. म्हणून अधिक भाराच्या वरच्या रिंगेकरितां ज्यांतील ग्रॅफाइट गोळीच्या आकाराचें असतें असें चिवट बीड किंवा पोलाद वापरूं लागले.

दुसरी सुधारणा लेपाची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रिंगेच्या घांसणाऱ्या बाजूवर क्रोमियमचा कठीण मुलामा देण्याची पद्धति रूढ झाली. पुढें वितळलेल्या मॉलिब्डेनमचा फवारा मारून लेप देऊं लागले. या लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरतें व तो फार मोठी उष्णता सोसतो. त्याहीपुढें जाऊन क्रोमच्या थरांतील केसासारख्या भेगांत अतिकठीण अशा ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे कण बसविलेल्या रिंगा निघाल्या. त्यांस क्रोम-सिरॅमिक रिंगा म्हणतात. हिऱ्याचे कण बसविलेल्या रिंगाहि झाल्या आहेत.

तिसरी सुधारणा आकाराची. रिंगेची घांसणारी बाजू सपाट न ठेवतां पिंपासारखी किंचित् फुगीर ठेवली, म्हणजे पिस्टन थोडा कलला तरी तिची धार भिंतीस लागत नाहीं व तेलाचा थर टिकतो. कांहीं रिंगांच्या वरच्या-खालच्या बाजू पाचरीसारख्या उतरत्या करतात. रिंग आंत-बाहेर हलली कीं खांचेंतील फट कमी-अधिक होते, तेथें साचूं पाहणारा कोळसा चुरडून निघतो व रिंग चिकटून बसत नाहीं. समुद्रावरील मोठ्या इंजिनांत वरच्या रिंगेच्या अंगावर तिरप्या बारीक चरा ठेवून थोडा दाब मुद्दाम, परंतु सर्व बाजूंनीं सारखा, खालच्या रिंगांकडे सोडतात. त्यामुळें सगळा भार एकट्या वरच्या रिंगेवर पडत नाहीं व तुटक फटीजवळ सिलिंडर जळत नाहीं.

या सुधारणांचें फळ मोठें आहे. उत्तम राखलेल्या जहाजी इंजिनांत सिलिंडरची झीज हजार तासांस एका मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी राहते, आणि पिस्टन बाहेर काढून तपासण्याची पाळी तीन वर्षांच्या आसपास येऊं शकते.

परंतु रिंग एकटी सुधारली नाहीं

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘मग आम्हीहि अशाच रिंगा घालाव्या, म्हणजे झालें!’ येथेंच खरी मेख आहे. मोठ्या इंजिनांत रिंगेबरोबर तिचे सोबतीहि सुधारले. सिलिंडरची भिंत विशिष्ट रीतीनें घांसून तिच्यावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्यांत तेल टिकतें. मध्यम गतीच्या मोठ्या इंजिनांत लायनरच्या माथ्यावर एक वेगळें कडें बसवितात. पिस्टनच्या वरच्या अंगावर जमणारा कोळसा तें खरवडून टाकतें, म्हणजे तो कोळसा भिंत गुळगुळीत करून तिच्यावरील रेघा पुसूं शकत नाहीं. इंधनांतील गंधकापासून होणारें आम्ल मारण्यासाठीं क्षार मिसळलेलें तेल मोजून दिलें जातें. हवा गाळून घेतली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जहाज बंदरांत थांबलें कीं सिलिंडरच्या बाजूच्या खिडक्यांतून इंजिनियर प्रत्येक रिंग डोळ्यांनीं पाहतो; कोणती रिंग मोकळी आहे, कोणती चिकटली, कोणती मोडली, याची नोंद तारखेसह व तासांसह वहींत करतो. रिंग केव्हां बदलावयाची हें ती वही ठरविते.

आपल्याकडे मात्र बहुधा उलटें घडतें. सुधारलेली रिंग आपण विकत घेतों, आणि तिच्या सोबत्यांकडे पाहतहि नाहीं. झिजलेल्या सिलिंडरांत नवी रिंग घालण्याचा परिणाम काय होतो, तो हिशेबानेंच पाहावा.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. वरची रिंग जेथें वर जाऊन क्षणभर थांबते व परत फिरते, त्या पट्ट्यांत उष्णता व दाब सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी. म्हणून तेथें झीज सर्वांत जास्त होते. खालचा भाग जवळजवळ नवाच राहतो. आतां व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३·१४ पट परीघ वाढतो, व रिंगेची फट तेवढीच उघडते. समजा, नव्या रिंगेची फट खालच्या भागांत ०·३५ मिलिमीटर आहे, आणि वरच्या पट्ट्यांत व्यास ०·३० मिलिमीटर झिजला आहे. तर तेथें पोंचतांच फट ०·९४ मिलिमीटरनें वाढून सुमारें १·३ मिलिमीटर होईल. म्हणजे नेमक्या ज्या ठिकाणीं दाब धरावयाचा, त्या ठिकाणीं आपली कोरी रिंग पहिल्याच दिवशीं जुनी झालेली असते! शिवाय ती मिनिटास दीड हजार वेळां उघड-मीट करीत राहून लवकर थकते. आणि झिजलेल्या पट्ट्यावर जो न झिजलेला कांठ राहतो त्यावर आपटून तिचा तुकडाहि उडूं शकतो. असा तुकडा सिलिंडरची काय दुर्दशा करतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको.

क्रोमच्या रिंगेसंबंधीं आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्या लायनरच्या आंतून क्रोमचा मुलामा आहे, त्यांत क्रोमची रिंग कदापि घालूं नये. क्रोम क्रोमवर घांसलें म्हणजे एकमेकांस ओरबाडतें. लायनर साध्या बिडाचा असेल तरच क्रोमची रिंग शोभते. तीहि इंजिनाच्या कारखान्यानें त्या इंजिनाकरितां सांगितली असेल तर.

खोलण्यापूर्वीं परीक्षा

धूर दिसला कीं इंजिन खोलावयाचें, ही रीत चांगली नव्हे. काळा धूर बहुधा जादा भाराचा, कोंडलेल्या हवेचा किंवा फवारा बिघडल्याचा असतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा पाण्याचा असतो. निळसर धूर जळणाऱ्या वंगणतेलाचा. रिंगांचा संशय येथें घ्यावा. इंजिनाच्या पोटांतील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशीं हात धरून पाहावा. तेथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर दाब रिंगांजवळून खालीं निसटत आहे असें समजावें.

आतां दाब वाल्वांतून जातो कीं रिंगांतून, हें कळण्यास एक सोपी परीक्षा आहे. डिझेल बंद ठेवून इंजिन हातानें फिरवावें व दाब किती अडवितो तें पाहावें. नंतर फवाऱ्याच्या भोंकांतून वंगणतेलाचे थोडेच थेंब आंत सोडून पुन्हां फिरवावें. तेल सोडल्यावर दाब स्पष्ट वाढला तर दोष रिंगांचा अथवा सिलिंडरचा. फरक पडला नाहीं तर दोष बहुधा वाल्वांचा. तेल फार घालूं नये. डिझेल इंजिनांत पिस्टन वर आला असतां मोकळी जागा फारच थोडी उरते, आणि तेल दाबलें जात नसल्यामुळें इंजिनास इजा होईल.

एका पट्टीनें सिलिंडर मोजण्याची युक्ति

सिलिंडर मोजण्याचें खास गेज प्रत्येक गांवीं नसतें. परंतु फीलरच्या पट्ट्यांचा जुडगा थोडक्या पैशांत मिळतो व त्यावर काम भागतें. सिलिंडर स्वच्छ पुसून त्यांत नवी रिंग घालावी, पिस्टनच्या माथ्यानें ती सरळ खालीं, जेथें झीज नाहीं अशा भागांत, लोटावी आणि तिच्या फटींत बसणाऱ्या पट्टीची जाडी लिहून घ्यावी. मग तीच रिंग वरच्या झिजलेल्या पट्ट्यांत आणून पुन्हां फट मोजावी. दोन मापांतील फरकास ३·१४ नें भागिलें म्हणजे व्यासाची झीज निघते. वर दिलेल्या उदाहरणांत १·३० मधून ०·३५ वजा जातां ०·९५ उरतात; त्यास ३·१४ नें भागतां ०·३० मिलिमीटर झीज येते.

किती झीज चालवून घ्यावी हें कारखान्याच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें व तेंच प्रमाण मानावें. सर्वसाधारणपणें अशा लहान इंजिनांत झीज पाव मिलिमीटराच्या घरांत गेली कीं नुसत्या रिंगांवर पैसा घालण्यांत अर्थ राहत नाहीं. लायनर बदलणेंच अंतीं स्वस्त पडतें. उलट झीज अल्प असेल तर चांगल्या रिंगांचा एक संच पुरतो, आणि लायनर उगाच बदलविणाऱ्या फिटरासहि ‘नको’ म्हणतां येतें. माप हातीं असलें म्हणजे दोन्ही बाजूंचें नुकसान टळतें.

रिंग बसवितांना

नव्या रिंगेची फट सिलिंडरच्या खालच्या भागांत मोजावी. व्यासाच्या दर २५ मिलिमीटरमागें सुमारें ०·१ मिलिमीटर हें ढोबळ मान. म्हणजे ८७·५ मिलिमीटरच्या सिलिंडरांत ०·३५ च्या आसपास. फट फारच कमी असेल तर तापल्यावर टोकें एकमेकांस भिडून रिंग मोडते. पिस्टनच्या खांचेंतील कोळसा संपूर्ण काढावा, मात्र खांचेची धातु खरवडूं नये. रिंग खांचेंत बोटानें सहज फिरली पाहिजे. ती हातानें पिळून न घालतां रिंग फांकविण्याच्या चिमट्यानें घालावी. जिच्यावर ‘टॉप’ असा शिक्का असेल तिची ती बाजू वरच आली पाहिजे. ती उलटी बसली तर तेल खालीं लोटण्याऐवजीं वर ओढते. सगळ्या रिंगांच्या फटी एका रेषेंत न ठेवतां पिस्टनभोंवतीं वांटून ठेवाव्या.

इंजिन जोडल्यावर पहिले कांहीं तास त्यावर एकदम पूर्ण भार घालूं नये, तसेंच तें तासन्‌तास रिकामेंहि फिरवूं नये. रिंगेस भिंतीशीं जुळण्यास दाब लागतो. रिकाम्या फिरण्यानें भिंत कांचेसारखी गुळगुळीत होऊन तेल खाण्याची खोड जडते. भार हळूहळू वाढवीत न्यावा.

आणि रिंगेचा खरा वैरी कोण म्हणाल, तर धूळ. घोडबंदर रस्त्यासारख्या अहोरात्र वाहत्या रस्त्याच्या कडेस ज्यांचे मळे आहेत, त्यांस हें विशेष लागू पडतें. हवेच्या गाळणींतून सुटलेला धुळीचा कण तेलांत मिसळून भिंत व रिंग यांमध्यें कानशीसारखा फिरतो. गाळणी तेलाची असेल तर तिच्यांतील तेल वेळच्या वेळीं बदलावें. कागदाची असेल तर ती झटकून अनेक वर्षें चालविण्याचा मोह टाळावा. उत्तमांतील उत्तम क्रोमची रिंगहि फाटक्या गाळणीपुढें टिकत नाहीं.

इंजिनाचें दप्तर

महसुली कामांत फेरफाराची नोंद झाल्यावांचून जमिनीचा व्यवहार पुरा झाला असें कोणी शहाणा मनुष्य मानीत नाहीं. इंजिनाच्या बाबतींत मात्र आपण सर्व कांहीं आठवणीवर सोडतों. एक साधी वही करून तींत सहा रकाने आंखावे : तारीख, चाललेले तास, घातलेलें डिझेल, घातलेलें वंगणतेल, केलेली दुरुस्ती आणि मोजलेलें माप. या वहीचा उपयोग असा. पूर्ण भारावर चालणारें पांच अश्वशक्तीचें इंजिन तासास साधारण एक लिटर किंवा किंचित् अधिक डिझेल घेतें. समजा, दाब निसटल्यामुळें तेवढ्याच पाण्यासाठीं दशांश जास्त लागूं लागलें. रोजच्या कामांत ही गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु हजार तासांत शंभराहून अधिक लिटर डिझेल व्यर्थ गेलेलें असतें. वहींत तोच फरक पंधरा दिवसांत उघडा पडतो. वंगणतेलाचा रकाना तर त्याहूनहि लवकर बोलतो.

ही वही असली म्हणजे दुरुस्ती आपल्या सोयीनें करतां येते. दाब उतरूं लागल्याचें श्रावणांत कळलें, तर पाऊस पडत असतां इंजिन खोलून, माप घेऊन, लायनर लागत असल्यास तो मागवून, भात निघण्यापूर्वीं सर्व तयारी होते. तेंच फाल्गुनांत कळलें तर मिळेल त्या फिटराच्या व मिळेल त्या मालाच्या हवालीं व्हावें लागतें, आणि त्या घाईंतच खोट्या पेटींतील रिंगा खऱ्या भावानें विकल्या जातात.

याविषयीं सोसायट्यांस एक सूचना करावीशी वाटते. फीलर पट्ट्यांचा जुडगा, रिंग फांकविण्याचा चिमटा आणि सिलिंडर मोजण्याचें एक गेज हीं तीन हत्यारें एकट्या शेतकऱ्यास जड वाटतील, परंतु सोसायटीस जड नाहींत. तीं कचेरींत ठेवून सभासदांस नोंद करून नेऊं द्यावीं. सभासदांच्या इंजिनांचा प्रकार व व्यास यांची एक यादी ठेवली, तर रिंगा व लायनर अधिकृत विक्रेत्याकडून एकत्र मागवितां येतील. भावांतहि सवलत मिळेल व मालाची खात्रीहि राहील. वर्षांतून एकदां, आषाढ-श्रावणांत, सर्व इंजिनांचीं मापें घेण्याचा दिवस नेमावा. याला खर्च थोडा, शिस्त मात्र पाहिजे.

एक लक्ष अश्वशक्तीच्या जहाजावर जी क्रोम-सिरॅमिकची रिंग चालते ती आपल्या विहिरीवर येईल कीं न येईल. परंतु त्या जहाजावरील इंजिनियर ज्या रीतीनें पाहतो, मोजतो व लिहितो, ती रीत आजच येऊं शकते. तिला परवाना लागत नाहीं, आणि ती कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. यंदा दुकानांत रिंगांचा संच मागण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं आपल्या सिलिंडरच्या झिजेचें माप कागदावर लिहून खिशांत ठेवावें, एवढीच विनंति.